घरमालक झालेला कामगार



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संप, बोनस नाहीतर महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी जो विषय घेतला आहे, तो कार्यक्रमपत्रिकेत वाचून आमच्याच काही मित्रांनी भुवया चढवल्या. "घरमालकांच्या अडचणी सांगणार म्हणे! आता तुम्ही त्यांची वकिली करणार काय?" असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना एवढेच म्हटले, की आपल्या युनियनच्या सभासदांची यादी समोर घ्या, त्यांतले किती जण आज दोन-चार खोल्या भाड्याने देतात ते मोजा, आणि मग मला बोल लावा. यादी पुरी व्हायच्या आतच ते गप्प झाले.

हा घरमालक कोण, ते आधी सांगितले पाहिजे. गिरगावातल्या चाळीचा जुना मालक माझ्या डोळ्यांपुढे नाही. मोठमोठे गृहप्रकल्प उभारणारा बिल्डरही नाही. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या वीस वर्षांत पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चिंचवड हा सारा टापू कारखान्यांनी भरून गेला. सातारा, कोकण, मराठवाडा, खानदेश येथून माणसे आली. ती मिळेल तेथे खोली घेऊन राहिली. त्यांच्यासाठी 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण निघाले. त्यात कोणाला घर मिळाले, पुष्कळांना मिळाले नाही. ज्यांना मिळाले नाही त्यांनी गुंठा-दोन गुंठे जागा घेतली, भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढली, बायकोचे दागिने मोडले आणि चार भिंती उभ्या केल्या. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले तेव्हा वर एक मजला चढवला. त्या मजल्यावर गॅलरीला लागून ओळीने चार खोल्या, प्रत्येकीत एक ओटा आणि एक मोरी. हा तो नवा घरमालक. तीस वर्षे त्याने गेटवर उभे राहून मालकशाहीविरुद्ध घोषणा दिल्या, आणि आज संध्याकाळी जिना उतरणारा एखादा पोरगा त्यालाच "मालक, पाणी गेलंय" म्हणून हाक मारतो. त्या हाकेने तो दचकतो. आणि खरे सांगायचे तर थोडा सुखावतोही.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्यात भाडेकरू पाहावा ठेवून, एवढी भर घालायला हरकत नाही. कारण भाडे म्हणजे बसल्या जागी मिळणारे पैसे, अशी जी समजूत करून घेऊन हा माणूस या उद्योगात पडतो, ती पहिल्या सहा महिन्यांतच उतरते. कोणाच्या नळाचा वायसर गेला, कोणाची मोरी तुंबली, कोणाच्या भिंतीला ओल आली. रात्रपाळी करून आलेला एक भाडेकरू दिवसा झोपतो, आणि शेजारच्या खोलीतला दुसरा त्याच वेळी मोठ्याने गाणी लावतो. खोली दोघांना म्हणून दिलेली असते. महिन्याभराने पाहावे तर पाच जोडे दाराबाहेर. विचारले तर उत्तर येते, "काका, गावाकडचा भाऊ आलाय, दोन दिवसांत जाईल." तो भाऊ दिवाळीपर्यंत जात नाही. जिन्याचा दिवा कोणी घालवायचा, टाकी कोणी धुवायची, कचऱ्याचा डबा खाली कोणी न्यायचा, यावरून जी भांडणे होतात ती मिटवता मिटवता कारखान्यातल्या वाटाघाटी बऱ्या वाटू लागतात.

आणि पाणी! 2019 साली आमच्या शहरात पाणी दिवसाआड आले. पवना धरण भरले तरी नळाला रोज पाणी नाही, हे भाडेकरूला समजावणे सोपे नाही. त्याच्या लेखी धरण, महानगरपालिका आणि मालक ही सगळी एकच. टाकीतले पाणी संपले की तो वरून हाक मारणार, आणि साठीच्या म्हाताऱ्याने गुडघे धरीत जिना चढायचा.

आता हिशेब पाहू. समजा, वरच्या मजल्याला जमिनीची किंमत सोडून 24 लाख रुपये खर्च आला. चार खोल्या, दरेकीचे भाडे 4,500. महिन्याला 18,000, म्हणजे वर्षाला 2,16,000. कागदावर हे नऊ टक्के व्याज झाले, आणि याच आकड्यावर माणूस भुलतो. पण प्रत्येक खोली वर्षात एखादा महिना रिकामी राहते, 18,000 गेले. रंग, गळती, नळ, दारे यांना 20,000 गेले. मालमत्ताकर, टँकर, पंपाची वीज यांना 24,000 धरा. उरले 1,54,000, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्याही आत. बँकेतल्या मुदतठेवीसाठी जिना चढावा लागत नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात भरलेला मालमत्ताकर वजा जाऊन उरलेल्या भाड्यातून दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के सूट मिळते, ती घ्यावी. पण ती सूट आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते, कारण भाडे दाखवलेलेच नसते. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मालमत्ताकरात सवलत आहे. घर भाड्याने दिले की तिच्यावरचा हक्क जातो, हेही असेच उशिरा कळते.

यात सर्वांत अवघड प्रकरण विजेचे. चार खोल्या आणि खालचे स्वतःचे घर मिळून एकच मीटर असतो. प्रत्येक खोलीला मालक छोटा सब-मीटर लावतो आणि युनिटमागे एक दर ठरवून पैसे घेतो. भाडेकरू म्हणतो, "सरकारी दर कमी आहे, तुम्ही जास्त घेता." मालक म्हणतो, "मी बिलाप्रमाणे घेतो, पदरचे एक पैसाही ठेवत नाही." दोघेही खरे बोलत असतात. घरगुती विजेचे दर पायरीपायरीने चढतात: पहिल्या 100 युनिटांना सर्वांत कमी, पुढे 300 पर्यंत अधिक, त्यापुढे 500 पर्यंत त्याहून अधिक. पाच बिऱ्हाडांनी प्रत्येकी 80 युनिट जाळले आणि मीटर वेगळे असले, तर सगळे पहिल्या पायरीवरच राहतात. तेच 400 युनिट एका मीटरवर मोजले, की 100 पहिल्या दराने, 200 दुसऱ्या दराने आणि 100 तिसऱ्या दराने आकारले जातात. म्हणजे गरिबातल्या गरीब भाडेकरूला श्रीमंताच्या दराने वीज मिळते, आणि त्याला वाटते की मालक लुटतो. यावर उपाय वेगळ्या मीटरचा. तो मागायला गेले की घराचे कागद लागतात, आणि येथे गुंठेवारीचे दुखणे उघडे पडते. बांधकामाला परवानगी नाही, नकाशा मंजूर नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 साली झाला, 2021 साली त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. पण त्यासाठी शुल्क भरावे लागते, कचेरीत खेटे घालावे लागतात, म्हणून पुष्कळजण "पाहू पुढे" म्हणून बसले आहेत.

मग येतो कायद्याचा बागुलबुवा. "एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही," ही भीती आपल्या मराठी घरमालकाच्या हाडांत भिनलेली आहे. ती उगीच आलेली नाही. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते अवश्य होते. पण टंचाईचा तो उपाय पन्नास वर्षे चालला. भाडे जागच्या जागी राहिले आणि सिमेंट-चुन्याचे भाव आकाशाला गेले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, आणि 1969 साली सरकारला मुंबईतल्या दुरुस्तीच्या मंडळासाठी कायदा करावा लागला. ज्यांनी भाडेकरार टाळून परवान्याने, म्हणजे लिव्ह-लायसन्सने, जागा दिल्या होत्या, त्यांचे परवानेदार 1 फेब्रुवारी 1973 रोजी कायद्यानेच भाडेकरू ठरले. त्या एका तारखेने किती फ्लॅटांना कुलपे लागली असतील ते सांगता येत नाही. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या त्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. भीती मात्र जुनीच राहिली. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे 1 कोटी 10 लाख घरे रिकामी आढळली. एकीकडे एका खोलीत सहा माणसे आणि दुसरीकडे इतकी कुलपे!

नव्या कायद्यात घरमालकाला संरक्षण आहे, पण ते त्याला पाहिजे असते तेवढेच कष्ट घेऊन मिळत नाही. लिव्ह-लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसला आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. उलटपक्षी करार नोंदलेला असेल आणि मुदत संपूनही जागा सुटत नसेल, तर वर्षानुवर्षे दिवाणी कोर्टात खितपत पडण्याचे कारण नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि मुदतीनंतरच्या दिवसांचे दुप्पट शुल्क मागता येते. तरीही आमचा माणूस काय करतो? अकरा महिन्यांचा छापील कागद आणतो, नोटरीचा शिक्का मारतो आणि निश्चिंत झोपतो. हा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हजार-दोन हजार वाचवायला गेलेला माणूस कायद्याने दिलेली ढाल स्वतःच फेकून देतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवण्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. तेही काम तो भाडेकरूवर ढकलतो. आणि भांडण पेटले म्हणजे थेट पाण्याचा कॉक बंद करतो किंवा सब-मीटरची वायर काढतो. भाडेकरूचे पाणी आणि वीज तोडणे हा गुन्हा आहे. कारखान्याला टाळे लावणाऱ्या मालकाला आपण काय म्हणत होतो, ते हा कॉक फिरवताना आठवावे.

येथवर मी मालकाच्या कटकटी सांगितल्या. आता जिन्याच्या वरच्या टोकाकडे पाहू. त्या चार खोल्यांत राहतो कोण? लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळकडून आलेला, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार. ज्या यंत्रावर आमचा घरमालक तीस वर्षे कायम नोकरीत उभा होता, त्याच यंत्रावर आज हा पोरगा निम्म्याहून कमी पगारात उभा आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा, असे कायदा सांगतो. कंत्राटदार पंधरा तारखेला देतो, वीस तारखेला देतो, कधी दोन महिन्यांचा एकदम देतो. मालकाला भाडे 1 तारखेला पाहिजे. मधले दिवस खानावळवाल्याची उधारी आणि व्याजाने पैसे देणारा भरून काढतात.

आमच्या कचेरीत एक जुना सभासद आला होता. तीन पोरांनी दोन महिने भाडे दिले नाही, त्यांना बाहेर काढायचे, युनियनची चार माणसे द्या, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्या पोरांनाही बोलावले. चौकशीत निघाले ते असे, की तिघेही एकाच कारखान्यात कंत्राटदाराकडे होते आणि कंत्राटदाराने दोन महिन्यांचा पगार अडवला होता. म्हणजे मालकाचे 9,000 रुपये त्या कंत्राटदाराच्या खिशात होते. मी त्या सभासदाला म्हटले, "दादा, तुम्हाला माणसे हवीत ना? घ्या; पण जिन्यावर नेऊ नका, कारखान्याच्या गेटवर न्या." कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो दिला पाहिजे, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने घातले. अर्ज केला. अर्जासोबत त्या सभासदाने थकलेल्या भाड्याचा हिशेब स्वतः लिहून जोडला. एका महिन्याचा पगार मिळाला. दुसऱ्यासाठी चार महिने खेटे घालावे लागले, आणि तोवर तिघांतला एक कंटाळून गावी निघून गेला. जाताना लोखंडी कॉट भाड्यापोटी ठेवून गेला. फार मोठा विजय झाला असे मी म्हणणार नाही. पण थकलेले भाडे हे बहुधा थकलेल्या पगाराचेच दुसरे नाव असते, हे त्या दिवशी कचेरीतल्या सर्वांना कळले.

हा प्रश्न नवा नाही. 1872 साली फ्रेडरिक एंगल्सने घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. फ्रान्समधल्या प्रूधाँचे अनुयायी म्हणत होते, की भाडेकरू आणि घरमालक यांचे नाते मजूर आणि भांडवलदार यांच्यासारखेच आहे, तेव्हा प्रत्येक कामगाराला घराचा मालक करा म्हणजे प्रश्न सुटला. एंगल्सने दोन्ही गोष्टी नाकारल्या. भाड्याचा व्यवहार हा एका वस्तूच्या वापराचा व्यवहार आहे, मजुरीचा नव्हे, असे त्याने दाखवले. आणि स्वतःच्या घराला बांधलेला कामगार कारखानदाराशी झगडायला दुबळा होतो, असा इशाराही दिला. मला त्याचे पहिले म्हणणे पटते. दुसऱ्याच्या बाबतीत मी म्हणेन, की आपल्याकडे ज्या म्हाताऱ्या कामगाराला पेन्शन म्हणून हजार-दोन हजार रुपये मिळतात, त्याला चार खोल्यांचे भाडे हाच म्हातारपणीचा आधार आहे. त्याला त्याबद्दल लाजवण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र त्याचा आधार दुसऱ्या कामगाराच्या पगारावर टेकलेला आहे. तो पगार कमी झाला, अडला, बुडाला, की याचाही आधार खचतो.

इतिहासातही हे दिसते. 1915 साली ग्लासगो शहरात युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळे माणसांची गर्दी झाली आणि मालकांनी भाडी वाढवली. मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणींनी भाडे बंद केले, कारखान्यांतले कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. तीन वर्षांनी, 1918 साली, मुंबईत तसाच कायदा आला. भाड्याचा कायदा मुळात कामगारांच्या एकजुटीतून आला, हे आजच्या कामगार-घरमालकाने विसरू नये. आणि 2020 च्या टाळेबंदीत काय झाले? मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये, असा आदेश केंद्र सरकारने 29 मार्चला काढला. राज्यानेही भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले. काही मालकांनी भाडे सोडले, काहींनी डाळ-तांदूळ दिले, काहींनी खोल्या रिकाम्या करून घेतल्या. पोरे चालत गावी गेली आणि खोल्या कित्येक महिने ओस पडल्या. ज्यांनी त्यांना सांभाळले होते, त्यांच्याकडे पुष्कळ जण परत आले.

मग करायचे काय? मी उपदेश करायला उभा नाही, पण कचेरीत बसून जी भांडणे मिटवली त्यांतून काही गोष्टी हाती लागल्या, त्या सांगतो. करार नोंदवा, खर्च दोघांनी निम्मा वाटून घ्या. खोली देताना भिंती, नळ, पंखा, दारे यांची यादी करून दोघांनी सही करा, म्हणजे सोडताना डिपॉझिटवरून तंटा होत नाही. डिपॉझिट खर्चू नका, बँकेत वेगळे ठेवा. ते तुमचे पैसे नव्हेत, त्या पोराचे आहेत. दर महिन्याला पावती द्या. विजेचे मूळ बिल जिन्यापाशी लावा आणि कोणाचे किती युनिट ते खाली लिहा. निम्मी भांडणे तेथेच मिटतील. भाड्याची तारीख पगाराच्या तारखेला जुळवून घ्या. खोलीला खिडकी असू द्या. आपण चाळीत बिनखिडकीच्या खोलीत राहिलो, म्हणून पुढच्यानेही राहावे असा काही नियम नाही. जात आणि प्रांत विचारून खोली नाकारू नका; गेटवर आपण हे प्रश्न कोणाला विचारले नव्हते.

युनियनांनाही माझे सांगणे आहे. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांची एकजूट व्हावी म्हणून आपण ठराव करतो, अधिवेशने भरवतो. या दोघांची रोजची गाठ मात्र जिन्यावर पडते, आणि तेथे आपले कोणी नसते. वस्तीवस्तीत दोन घरमालक आणि दोन भाडेकरू यांची छोटी समिती नेमा. तिने कराराचा नमुना द्यावा, मीटरचे आणि गुंठेवारीचे अर्ज एकत्र करावेत, वाद ऐकावेत, आणि थकलेल्या भाड्यामागे थकलेला पगार निघाला तर तो कागद युनियनकडे पाठवावा. चार घरमालक एकेकटे कचेरीत गेले तर त्यांना उद्या या म्हणतात. चाळीस भाडेकरूंना बरोबर घेऊन गेले तर खुर्ची देतात.

घरमालक होणे हा काही गुन्हा नाही, आणि भाडेकरू असणे हा कमीपणा नाही. आजच्या बहुतेक मालकांनी कधीतरी डिपॉझिटासाठी हात पसरलेला आहे, आणि आजच्या भाडेकरूंतले काही जण उद्या एखादा गुंठा घेऊन भिंती उभ्या करणार आहेत. मधल्या काळात दोघांनी एकमेकांना माणसासारखे वागवावे, आणि आपली भांडणे जेथली आहेत तेथेच नेऊन भांडावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे.